चाळीसच्या वर नको

अण्णा, तुमची गाडी पुन्हा तेल खायला लागली आहे. आठवड्याला अर्धा लिटर. सकाळी अंगणात चालू केली की मागून निळा धूर निघतो आणि शेजारचे फुलमळेवाले काका कुंपणापलीकडून विचारतात, "अगरबत्ती लावली का वो मास्तरीणबाई?" ते आता बरेच थकलेत, पण जीभ तशीच आहे. मी ओझरच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवते आणि रोज हीच गाडी घेऊन जाते, तुमच्याच रस्त्याने. तुम्ही न पाहिलेले, आता याच घरात राहणारे तुमचे जावई तिला म्हातारी म्हणतात. विकून टाक, भंगारवाला तरी घेतोय तोवर, असं दर दिवाळीला एकदा म्हणतात. नवीन गाडीचा हप्ता कोण भरणार, असं मी विचारते आणि विषय संपतो. खरं कारण हप्ता नाही हे त्यांना माहीत आहे, पण गेली बारा वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनाही नाही.

गेल्या आठवड्यात द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. म्हातारे गृहस्थ, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं आणि मान हलवली. दोन सिलिंडर ढिले पडलेत. म्हणाले, "खोलावं लागंल ताई. सगळं नवं टाकायचं म्हणाल तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जाईल." मी म्हटलं, दोन दिवस द्या, काय नवं टाकायचं नि काय जुनंच ठेवायचं ते घरून लिहून आणते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक असं बोलत नसावं, साडीतलं तर नसावंच. घरी येऊन मी माळ्यावरून तुमची डायरी काढली. ओझरच्या कारखान्यातून तुम्हाला दरवर्षी मिळायची तसली, निळ्या रेक्झिनची. तीत फक्त एका पानासाठी हात घातला होता, पण मग बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले.

त्या पानावर तीन रकाने आहेत. नवीन, जुनेच, घरी. 'नवीन'खाली पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील. 'जुनेच'खाली पिस्टन, क्रँक, ऑइल पंप, आणि प्रत्येकापुढे तुम्ही घेतलेलं माप. तुमचा नियम मला पाठ आहे: जिथं घासतं तिथं नवं, जिथं नुसतं बसतं तिथं जुनं चालेल. पिस्टन तर दिवसभर घासतो, तो का जुना, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "माप सांगतंय की तो अजून चालेल. माप खोटं बोलत नाही, आपण बोलतो." माझ्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशांना हात लावायचा नाही हे तुमचं आधीच ठरलं होतं, म्हणून एवढा खटाटोप. तिसऱ्या रकान्यात, 'घरी'खाली, सफाई, रंग आणि व्हॉल्व्ह बसवणे. व्हॉल्व्हच्या पुढे तुम्ही 'ताई' लिहून खाली रेघ ओढली आहे. हे मला माहीत नव्हतं, अण्णा. मला वाटायचं मी लुडबुड करत होते आणि तुम्ही ती चालवून घेत होता. मी पहिल्यापासून यादीत होते.

सत्त्याण्णव साल. मी बी.एड. संपवून नोकरी शोधत होते आणि घरात बसून आईच्या डोक्याला ताप झाले होते. त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही नेहमीसारखी पाटावर हत्यारं मांडलीत, पाने, पकडी, मायक्रोमीटरची लाकडी पेटी, आणि त्यांच्या शेजारी एक नवा कोरा फीलर गेज होता. पत्त्यांसारखी उघडणारी पोलादी पाती, केसाएवढ्या फटी मोजायची. हळदकुंकू लावून झाल्यावर तो उचलून तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पुस्तकातलं शिकलीस, आता फट मोजायला शीक." एवढंच. आई म्हणाली, पोरीला कुणी सोनं देतं, कुणी साडी देतं. तुम्ही म्हणालात, तेही देऊ. तो गेज अजून माझ्या पर्समध्ये असतो, शाळेत मुली खडू मागतात तेव्हा त्याच्यासकट बाहेर येतो.

दिवाळीत तुम्ही रजा टाकलीत. काकांकडे विहिरीतला पंप वर काढायची तीन पायांची लोखंडी घोडी होती, ती आणून अंगणात उभी केली. साखळीला इंजिन लटकलं तेव्हा काका मागे सरकून म्हणाले, "लय जड हाय वो अण्णा. ह्याच्या जिवावर पळती व्हय ती?" सगळी आळी बघायला आली होती. फराळाच्या ताटांच्या शेजारी वर्तमानपत्रावर नट-बोल्ट, आणि चकली खाताना हाताला रॉकेलचा वास. तुम्ही मापं फक्त सकाळी घ्यायचात. ऊन तापलं की लोखंड फुगतं, माप चुकतं, म्हणायचात. कारखान्यातल्या मित्राकडून सिलिंडर आतून मोजायचा त्याचा स्वतःचा बोअर गेज मागून आणला होतात, आणि एका सिलिंडरचं माप तीन तीन दिवस, तीन तीन वेळा. आम्ही तुमची टिंगल करायचो की हे विमान उडणार आहे का. तुम्ही म्हणायचात, "विमानात तरी दोन इंजिनं असतात."

माझं काम व्हॉल्व्हचं. काठीच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, बसायच्या जागेवर घासायची खरखरीत पेस्ट लावायची आणि रवीने ताक घुसळतात तशी ती काठी दोन तळव्यांत फिरवायची. आधी खरखर आवाज येतो. तळहात भाजायला लागले की कुठे तो आवाज मऊ होतो. मग पुसून बघायचं, सगळीकडून सारखी करडी कड दिसली तर झालं, नाहीतर पुन्हा. आठ व्हॉल्व्हना मला पाच दिवस लागले. वरून रॉकेल ओतून तासभर ठेवायचं, खाली एक थेंबही आला नाही पाहिजे. आठव्यातून थेंब आला नाही तेव्हा तुम्ही आईला हाक मारून म्हणालात, "इकडे ये, पोरीचं काम बघ." आई पदराला हात पुसत आली आणि रॉकेलच्या वाटीकडे बघून म्हणाली, "काय बघू? काहीच तर होत नाही." आणि तुम्ही म्हणालात, "तेच तर."

बोलणीही खाल्ली. क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनातल्या त्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या, बेअरिंगच्या टोप्या तुम्ही काढून फळीवर ओळीने ठेवल्या होत्या. तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात मी त्या सगळ्या उचलल्या, रॉकेलमध्ये लख्ख धुतल्या आणि चकाकत्या करून छान मांडून ठेवल्या. कौतुक होईल असं वाटलं होतं. तुम्ही आलात, पाहिलंत आणि खाली बसलात. तुमचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मग म्हणालात, "दिसायला सारख्या आहेत म्हणून सारख्या नाहीत. प्रत्येक टोपी इतकी वर्षं आपापल्या जागी घासत आली. एकीच्या जागी दुसरी बसवली तर महिनाभरात क्रँक खाईल." मी रडायला लागले. तुम्ही समजूत घातली नाहीत. टॉर्च आणून दिलीत आणि म्हणालात, बाजूला बघ, बारीक ठिपके पाडलेले आहेत, एक, दोन, तीन, शोधून लाव. ठिपके होतेच. तुम्ही असं काही ठिपक्यांशिवाय सोडलंच नसतं. मला शोधायला दुपार गेली आणि तेवढा वेळ तुम्ही माझ्या शेजारी नुसते बसून होता. त्या दुपारपासून मी एक धडा घेतला, अण्णा, की तुम्ही इंजिनाबद्दल सांगाल ते ऐकायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. धडा चांगलाच होता. फक्त तो कुठे सोडून द्यायचा हे शिकायचं राहून गेलं.

इंजिन चालू झालं तेव्हा आईने नारळ आणला, तुम्ही आधी आवाज ऐकू दे म्हणालात, तिने तरी फोडलाच. मग रनिंग-इन. पहिले दीड हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. नव्या रिंगांना जुन्या सिलिंडरची सवय व्हायला वेळ लागतो, तेवढा दिला नाही तर इंजिन जन्मभर तेल खातं, असं तुम्ही मला, आईला, काकांना, दूधवाल्यालासुद्धा समजावलंत. मागच्या काचेला कागद चिकटवलात, तुमच्या ठसठशीत अक्षरात: इंजिन नवे आहे, पुढे जा. सगळे पुढे जायचे. एस.टी. जायची, ट्रक जायचे, एकदा तर बैलाचा चारा भरलेला ट्रॅक्टर गेला आणि वर बसलेल्या बाईने आम्हाला हात केला. तुमच्याबरोबर ओझरला येणारे तिघे जण म्हणायचे, अण्णा, आम्ही उतरून चालत निघतो, गेटवर तुमची वाट बघतो. तुम्ही चाळीसवर. रोज संध्याकाळी डायरीत आकडा मांडायचात. नऊशे झाले, हजार झाले. उरलेले लवकर भरावेत म्हणून त्या रविवारी चांदवडला देवीला जायचं ठरलं. आईचे गुडघे दुखत होते, पायऱ्या नकोत म्हणून ती घरी राहिली. गाडी मी चालवायची, तुम्ही शेजारी बसून आवाज ऐकायचा.

तो दिवस मी बारा वर्षं रोज दोनदा बघते, जाताना एकदा नि येताना एकदा. दर्शन झालं, पायऱ्यांवर तुम्ही दोनदा थांबलात, मला वाटलं गर्दीला वाट देताय. खाली येऊन मिरचीची भजी खाल्लीत. परतताना पिंपळगावच्या पुढे छातीवर हात चोळत म्हणालात, भजी बाधली, ॲसिडिटी आहे. ओझरला कारखान्याच्या गेटसमोरून गेलो तेव्हा तुम्ही बोलत होता, उद्या पहिली पाळी आहे असं काहीतरी. दहावा मैल म्हणतात तो फाटा आला आणि मी सहज तुमच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, डिसेंबरात. शर्ट मानेजवळ ओला. डावा हात तुम्ही उजव्याने धरला होता. मी म्हटलं, अण्णा, हे बरोबर नाही, आणि पाय दाबला. रविवार होता, रस्ता मोकळा होता. काटा पन्नास, साठ, सत्तरवर गेला. आणि तुम्ही गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवलात. गार हात. म्हणालात, "चाळीस, ताई. चाळीसच्या वर नको. पाचशेच राहिलेत." मी पाय सैल केला.

दहाव्या मैलापासून दवाखाना सोळा किलोमीटर. मी आता मुलांना गणित शिकवते, हे गणित मला फळ्याशिवाय येतं. चाळीसने चोवीस मिनिटं. सत्तरने चौदा. तुम्ही डोळे मिटलेत, मला वाटलं बरं वाटतंय, डुलकी लागली. मी चाळीसवर चालवत राहिले. आडगाव गेलं. मी एकदा म्हटलं, आलंच आता, तुम्ही हूं म्हणालात. शहराच्या नाक्यावर पुन्हा म्हटलं, तेव्हा काही म्हणाला नाहीत. त्यानंतर मी काय नि किती पळवली ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या पायरीशी वॉर्डबॉयने तुम्हाला उचललं, आतल्या तरुण डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले आणि बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते असं सगळ्यांनाच म्हणत असतील. मी कागदावर सही केली तेव्हा माझ्या बोटांना अजून ग्रीसचा काळा डाग होता, नखाच्या कडेला, कितीही घासला तरी न गेलेला.

आईने एकच विचारलं, एवढा वेळ का लागला. मी म्हटलं, आडगावजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पुढे जाताच येईना. तिने मान डोलावली. तेराव्यापर्यंत आलेल्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं, कांद्याच्या गाड्या आडव्या आल्या, पोर तरी काय करणार. सांगता सांगता ते खरं होऊन गेलं. लोक रस्त्याला शिव्या द्यायचे आणि मी खाली मान घालून चहाचे कप गोळा करायचे.

परवा मी तुमच्या यादीवरून माझी यादी करून मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली, कुणी शिकवलं विचारलं, मी तुमचं सांगितलं. मग बाकड्यावर बसून चहा पिताना मी त्यांना, अगदी दुसऱ्याच कुणाचं विचारावं तसं विचारलं, की रनिंग-इनमध्ये कुणी हजार किलोमीटरला गाडी पळवली, वीस मिनिटं, जोरात, तर काय होतं? ते म्हणाले, "काय व्हायचंय? हजार झाले म्हंजे निम्मं काम झालंच की. लई तर रिंगा बसणार नाहीत नीट, थोडं तेल खाईल." मी म्हटलं, आणि मग? म्हणाले, "मग काय, परत रिंगा टाकायच्या. इंजिन हाय ताई, ते परत खोलता येतं." चहा मी तसाच ठेवला. ते विचारत राहिले, साखर जास्त झाली का.

घरी आले तर आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी शेजारी बसून चार काड्या निवडल्या आणि म्हटलं, इंजिन खोलायचं ठरलं, पुन्हा दीड हजार सावकाश चालवावी लागेल. तिने पुढची जुडी सोडली. मग मेथीकडे बघतच म्हणाली, "या खेपेला कुणाचं दुखलं-खुपलं तर पळव. इंजिनाकडं बघत बसू नको." मी म्हटलं, आई, त्या दिवशी ट्रॅक्टर... ती म्हणाली, "मी चांदवडकडची हाय ना गं. कांद्यात वाढले. रविवारी लिलाव नसत्यात, मग ट्रॅक्टर कशाचे?" बारा वर्षं, अण्णा. पहिल्या मिनिटापासून तिला माहीत होतं आणि तरी तिने तेच सगळ्या गावाला सांगितलं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, "तुला सांगायला काहीतरी लागत होतं. आणि त्यांनीच अडवलं असंल तुला, मला काय त्यांचा स्वभाव ठाऊक नाय?" मी हो म्हटलं. हो, अण्णांनीच अडवलं. तिने मेथीच्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. तिला वाटतं आता माझं ओझं उतरलं. मलाही काल दिवसभर तसंच वाटत होतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्हीच अडवलंत हे खरं आहे, आणि तुमच्यावर मला राग आहे, हेही आज पहिल्यांदाच लिहिते आहे. पाचशे किलोमीटरसाठी, चार रिंगांसाठी, तुम्ही माझा हात धरलात. ॲसिडिटी समजून धरलात, माहीत आहे. पण मी बावीस वर्षांची होते, तुमचा घाम मला दिसत होता, आणि हात झटकून पळवायचं बळ माझ्यात होतं. मी ते वापरलं नाही, त्याचं कारण तुमचा हात नव्हता. आईला ते सांगता आलं नाही, यांनाही येणार नाही, आणि हा कागद तरी मी कुठे कुणाला देणार आहे.

काटा सत्तरवर गेला तेव्हा इंजिन काय सुरेख पळालं, अण्णा. एक खरखर नाही, एक ठोका चुकला नाही. माझे आठही व्हॉल्व्ह. त्या अर्ध्या मिनिटात तुमचा घाम मी विसरले आणि तुम्हाला म्हणणार होते, ऐका ना, कसा आवाज आहे. आणि लगेच भीती वाटली की आपण हे बिघडवतोय. तेवढ्यात तुम्ही हात ठेवलात, चाळीस म्हणालात, मी पाय सैल केला. काटा उतरत चाळीसवर आला आणि मला हायसं वाटलं, इंजिन वाचलं म्हणून.